काळ्या काचांचा जहूर

कतारमधल्या अल मुंतझा भागात गाड्यांच्या सामानाची चार-पाच दुकानं ओळीनं होती. त्यातल्या शेवटच्या दुकानात जहूर पेवेकर काचांना फिल्म लावायचा. मंडणगडकडचा माणूस. उंच, काटक, आवाज खणखणीत, आणि गिऱ्हाइकाशी असा बोलायचा की मालकाला प्रश्न पडावा, हा आपलं दुकान चालवतोय की बंद पाडतोय. म्हणजे बघा, एखादा नवी कोरी गाडी घेऊन यायचा, पैसे मोजायला तयार असायचा, एवढंच म्हणायचा की चारी काचा काळ्याकुट्ट करून दे. आणि जहूर रबराची पट्टी हातात धरून त्याला सांगायचा, "नाय होणार. मागच्या दोन करून देतो, त्या पण मी ठरवीन तेवढ्याच."

गिऱ्हाईक चिडायचं, मालक डोळे वटारायचा, पण पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक परत यायचं. कारण शेजारच्या दुकानातून काळ्या करून घेतलेल्या काचा वार्षिक तपासणीत नापास व्हायच्या आणि जहूरच्या हातची गाडी कधी नापास झाली नव्हती. आपल्या कोकणी लोकांत त्याला वकील म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

ही वकिली त्यानं फुकटात मिळवलेली नव्हती. शहाण्णव साली तो कतारला आला तेव्हा काचांबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत तपासणी कडक झाली आणि लोकांची धावपळ सुरू झाली. जो तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणे सगळ्याच फिल्म बंद, कुणी म्हणे मागे काही लावा, कुणी म्हणे सगळं पोलिसाच्या मर्जीवर. जहूरला असली हवेतली बातमी चालत नसे. दुकानात एक सुदानी कारकून होता. त्याच्याकडून त्यानं नियमांचा अरबी कागद ओळीनं वाचून घेतला, दोन दोनदा अर्थ विचारला आणि फिल्मच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सगळं मराठीत लिहून काढलं. समोरच्या काचेला वरची पट्टी सोडून काही नाही. पुढच्या दोन काचांतून चालवणाऱ्याचं तोंड बाहेरून दिसलं पाहिजे. मागे थोडी सूट. आरशासारखी चमकणारी फिल्म कुठंच नाही. आणि शेवटी, गाडीतल्या माणसाला उन्हाचा आजार असेल तर इस्पितळाचा कागद दाखवून वेगळी परवानगी मिळते. हा त्यानं लावलेला अर्थ, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

त्यातही त्याची एक खुबी होती. बाकीचे फिटर फिल्मच्या खोक्यावरचा आकडा बघून लावायचे. जहूर म्हणायचा, अरे, गाडीची काच कंपनीतूनच थोडी काळी येते, ती काय तुझ्या सासऱ्यानं मोजायची? आधी काच किती उजेड खाते ते बघ, मग फिल्म किती खाते ते बघ, मग उरलं किती ते सांग. नव्या मुलांना तो हे उभं करून शिकवायचा.

साताऱ्याकडचा धोंडीराम एका कतारी घरात ड्रायव्हर होता. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिला उजेड सोसेना, तेव्हा धोंडीराम जहूरकडे आला. जहूरनं त्याला कागदावर लिहून दिलं: डॉक्टरचं पत्र, गाडीचे कागद, अमुक खिडकीवर जा, तमुक फॉर्म भर. पंधरा दिवसांत परवानगी आली. धोंडीराम पेढे घेऊन आला, कुठून आणले कोण जाणे. जहूर चार दिवस नुसता मिरवत होता.

तर असा हा कायद्याचा माणूस. आता त्याच्या घरात जाऊ.

त्याची बायको सायरा दोन हजार एक साली मुलीला घेऊन आली. अलिना तेव्हा चार वर्षांची. पाच वर्षं फोनवर संसार केलेली माणसं एका खोली-स्वयंपाकघरात एकत्र आली, आणि जहूर तर सुखानं येडाच झाला होता. संध्याकाळी दुकानातून आला की आधी दारात उभा राहून आत कोण कोण आहे ते नुसतं बघायचा. सायरा हसायची. म्हणायची, "मोजून झालं असेल तर आत या."

दोन वर्षांनी सायराच्या गालांवर लाल चट्टे उठले. सांधे धरले, ताप येऊ लागला. उन्हातून आली की दोन दिवस उठायची नाही. इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या, त्यांनी हिंदीत समजावलं. ल्युपस म्हणतात याला. शरीर आपलंच आपल्याशी भांडतं. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि ऊन बिलकुल नाही, काचेतून येणारंही नाही. सगळं एका कागदावर लिहून, सही-शिक्का मारून त्यांनी तो जहूरच्या हातात दिला आणि म्हणाल्या, कुठं लागला तर दाखवा.

जहूरनं तो कागद घरी आणून सुटकेसच्या तळाशी, कपड्यांच्या खाली ठेवला आणि वरून कुलूप घातलं. सायरानं विचारलं तर म्हणाला, "कुणाला सांगायचं नाय. तुझ्या भावाला पण नाय."

त्याच्या या भीतीला नाव होतं. रहमान. जहूरच्याच गावचा, त्याच्याच विमानातून आलेला. दोघं व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत पुढं-मागं उभे होते. जहूर पास झाला आणि रहमानच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. आठ दिवसांत त्याला परत पाठवलं. बॅगेचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं त्यानं. त्या दिवसापासून जहूरच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की या देशात आजार कागदावर चढला म्हणजे माणूस विमानात चढला. वर्दीतला किंवा खिडकीपलीकडचा कुणीही काही विचारो, जहूरच्या तोंडून आपोआप निघायचं, "सब ठीक."

तुम्ही म्हणाल, ती छातीची तपासणी वेगळी, हा आजार वेगळा, हा काही कुणाला लागत नाही. खरं आहे. पण आखातात वर्षं काढलेल्या आपल्या माणसांना विचारा. ताप अंगावर काढतील, दात दुखेल तर लवंग धरतील, पण 'मेडिकल' हा शब्द ऐकला की हात-पाय गार. धोंडीरामच्या घरच्या आजीला परवानगी मिळाली हे जहूरला दिसत का नव्हतं? दिसत होतं. पण ती आजी इथलीच, तिला कोण कुठं परत पाठवणार? सायराचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला. जहूरच्या मनात हे गणित इतकं घट्ट होतं की ते त्यानं कुणाला तपासायलाच दिलं नाही.

मग सायरा घरात बसली. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की बाहेर पडायची, तेही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दिवसा पडदे ओढलेले. अलिनाच्या शाळेत कार्यक्रम असला की जहूर एकटा जायचा आणि परत येऊन बायकोला सांगायचा, कोण काय बोललं, मुलीनं काय म्हटलं. सांगायला तो वाईट, अर्धं विसरायचा. सायरा म्हणायची, "बरं, बरं." एकदा वेणी घालून घेताना अलिनानं विचारलं, "अम्मी, व्हाय डोन्ट यू एव्हर कम?" सायरानं तिच्या वेणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ते जहूरनं दाराआडून ऐकलं. पुढच्या शुक्रवारी दुकान बंद असताना त्यानं स्वतःची जुनी गाडी आत घेतली, शटर ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चारी काचा काळ्याकुट्ट केल्या. साबणाचं पाणी मारताना, पट्टी ओढताना त्याचा हात चोरासारखा चालत होता. ज्या कामासाठी त्यानं शंभर गिऱ्हाइकं परत पाठवली तेच काम, आणि हातही तेच. पण एक बुडबुडा राहू दिला नाही त्यानं.

सायरा गाडीत बसली आणि दुपारी तीन वाजता समुद्राकाठच्या रस्त्यानं फिरून आली. खाली उतरली नाही, नुसती काचेतून बघत होती. "पाण्याचा रंग दिवसा असा असतो होय," म्हणाली. जहूरला वाटलं, जिंकलो.

पण तपासणी दर वर्षी असते. तपासणीच्या आदल्या दिवशी जहूर हीट गननं काच तापवून सगळी फिल्म काढायचा, गोंद पुसायचा, साध्या काचांनी गाडी पास करून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी करायचा. हाच डाव खेळणाऱ्यांना तो दुकानात काय काय बोलायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं हे चाललं. रस्त्यात पोलीस दिसला की तो वाट वाकडी करायचा. सायराला वाटायचं, गर्दी टाळतोय. परवानगी नावाची काही गोष्ट आहे, हे त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं.

दोन हजार सातचा मे महिना. अलिनाला शाळेत निबंधाचं बक्षीस होतं. सायरा म्हणाली, या वेळी मी येणार. आणि आली. बुरखा, हातमोजे, मोठा चष्मा, आणि गाडीच्या दारापासून हॉलच्या दारापर्यंत छत्री. मुलीनं स्टेजवरून आईला शोधलं आणि ती सापडल्यावर हसायचं थांबवताच येईना तिला. सायरा रडली. जहूरही रडला, पण त्यानं नाक शिंकरल्यासारखं केलं.

परतताना अल रय्यानच्या रस्त्यावर, भर साडेबाराला, पोलिसानं हात केला. या वेळी वाट वाकडी करायला जागा नव्हती.

पोलीस तरणा होता, बोलायला सभ्य. काचेवर बोट टेकवून त्यानं आत बघायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये ममनू है, मना है. मालूम?"

जहूर उतरला होता. "मालूम, सर."

"फॅमिली में कोई बीमार? हॉस्पिटल का पेपर है तो दिखाओ."

बघा, नशीब कसं दारात येऊन उभं राहतं. जो प्रश्न जहूर दुकानात दहा जणांना स्वतः विचारायचा, तोच प्रश्न कायद्यानं त्याला विचारला होता, आणि तोही गोड शब्दांत. मागच्या सीटवर बायको होती. तिचा आजार खरा होता, घरात कागद खरा होता. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. आणि जहूर म्हणाला, "नो, सर. नो बीमार. सब ठीक."

"खलास. फिर निकालो. अभी, इधर."

जहूरनं डिकीतून पातं काढलं. ड्रायव्हरच्या बाजूची काच आधी. कोपऱ्यात नखानं धार उचलली आणि फिल्म एका ओढीत सोलून काढली, उन्हानं काच तापलेलीच होती. मग पलीकडची. पोलीस बघत राहिला. एवढ्या सफाईनं फिल्म निघताना त्यानं पाहिली नसावी. मग जहूर मागच्या दारापाशी आला. आत सायरा होती.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. खरं म्हणजे त्याला तिच्याकडे बघवेना. पाच मिनिटं, तो मनाशी म्हणत होता, पाच मिनिटं फक्त, मग घर. दोन दिवस ताप येईल, गोळी देऊ. पण विमान नाही. नखानं त्यानं कोपरा उचलला, फिल्म वीतभर खाली आली आणि त्या फटीतून उन्हाचा पट्टा सायराच्या मांडीवर पडला.

सायरानं तो पट्टा बघितला. मग तिनं दार उघडलं आणि ती खाली उतरली. छत्री आत राहिली. हातमोजे तिनं काढले, चष्मा काढला, तोंडावरचं कापड वर केलं. गालांवरचे चट्टे आणि बोटांचे सुजलेले सांधे तिनं त्या पोलिसासमोर धरले.

"मैं बीमार हूं," ती म्हणाली. "मेरे को धूप मना है. पेपर घर पे है."

जहूर म्हणाला, "सायरा, आत बस."

"नाय बसत," ती म्हणाली. "त्यांना बघू दे."

अलिनानं गाडीतून उतरून आईवर छत्री धरली आणि पोलिसाला इंग्रजीत सगळं सांगितलं, आजाराचं नाव, गोळ्या, सगळं. जहूरला माहीत नव्हतं की मुलीला एवढं माहीत आहे. पोलीस घाईघाईनं म्हणाला, "सिस्टर, अंदर, अंदर, प्लीज." मग तो जहूरकडे वळला. रागावला नव्हता तो, त्याला नुसतं कळत नव्हतं. "मैं ने पूछा. तुम ने नो क्यों बोला?"

जहूरनं हातातलं पातं पुसलं आणि डिकीत ठेवून दिलं.

पुढच्या दोन काचांचा दंड झाला. मागच्या तशाच राहू दिल्या. पोलिसानं परवानगी देणाऱ्या वाहतूक कार्यालयाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला, जो जहूरला पाठ होता.

गाडी घराकडे निघाली. अलिनानं अर्धवट सोललेल्या काचेवर बक्षिसाची फाइल धरून ठेवली होती. सायरा पलीकडच्या कोपऱ्यात सरकून बसली होती.

"परवानगी मिळते, हे तुमाना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

सिग्नल सुटला, दुसरा लागला. मग सायरा हळू आवाजात म्हणाली, "मना परत धाडतील म्हणून तुमी घाबरलात. मना समजतं ते. पण मी हितं आले तरी कुठं? एवढी वर्षं मी त्या खोलीत होते. ती खोली मंडणगडात असती तरी तेवढीच असती."

जहूरनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला. त्याला लाज वाटत होती, इतकी की मुलीसमोर बसवेना. दुसऱ्याच्या काचेत किती उजेड उरला हे त्यानं इतकी वर्षं मोजलं होतं आणि स्वतःच्या घरातलं मोजायची हिंमत झाली नव्हती. "चुकलो," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मग त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

त्या दिवसाचं ऊन सायराला बाधलंच. आठ दिवस ती अंथरुणात होती. केरळच्या डॉक्टरीणबाईंनी नवीन पत्र दिलं आणि जहूरला चांगलं फैलावर घेतलं. नवव्या दिवशी सकाळी सायरा उठली, तयार झाली आणि म्हणाली, चला. जहूर म्हणाला, मी एकटा जातो, तू पडून राहा. तिनं छत्री घेतली आणि ती जिना उतरू लागली.

कार्यालयात बायकांसाठी वेगळी रांग होती, छोटी. खिडकीशी जहूर पुढं झाला. फॉर्म त्याच्या ओळखीचाच. नाव, गाडीचा नंबर, व्हिसाचा नंबर त्यानं झरझर भरलं. आजाराच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. लिहायचं होतं, लिहायलाच आला होता, पण हात काही केल्या पुढं जाईना. रहमानची प्लास्टिक न काढलेली बॅग डोळ्यांपुढं आली त्याच्या.

सायरानं ते पेन त्याच्या बोटांतून काढून घेतलं. डॉक्टरांच्या पत्रात बघून एकेक अक्षर तिनं लिहिलं, सुजलेल्या बोटांनी, सावकाश. खाली सही केली. मग फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

पलीकडच्या बाईनं पत्र बघितलं, फॉर्म बघितला, शिक्का मारला. कुणी वर बोलावलं नाही, कुणी पासपोर्ट मागितला नाही. "दोन आठवड्यांनी या," ती हिंदीत म्हणाली. "आणखी काही?"

जहूर 'शुक्रन' म्हणत आभार मानून वळलासुद्धा होता.

"हां," सायरा खिडकीशी तशीच उभी राहून म्हणाली. "गाडी चलाने का लायसन्स. वो फॉर्म किधर मिलता है?"

बाईनं शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. सायरानं जहूरकडे बघितलं नाही, विचारलंही नाही. ती त्या खिडकीपुढं जाऊन रांगेत उभी राहिली. तिच्यापुढं तिघीजणी होत्या. जहूर क्षणभर दोन रांगांच्या मधे उभा होता. मग तो कडेच्या बाकावर जाऊन तिची वाट बघत बसला.